बिनपायाचे बूट

खराडीला आमच्या ऑफिसात परवा जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला, कॉलेजात असताना कोण कुठं राहायचं. मी म्हटलं, मी कोथरूडला, फ्लॅटवर, आम्ही तिघी मिळून. समोरची पोरं एकदम माना वर करून बघायला लागली. "वॉव मॅम, फ्लॅटवर? होस्टेल नाही? मग काय, फुल धमाल!"

धमाल! डोंबलाची धमाल! मी हसले, पण डोक्यात तिडीक गेली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. भुताखेतांबद्दल नसतील इतके गैरसमज फ्लॅटवर राहणाऱ्या मुलींबद्दल असतात. होस्टेलातल्या मुलींना वाटायचं, यांना गेट नाही, रेक्टर नाही, यांची काय चैन आहे. गावाकडे आमच्या काकांना वाटायचं, पोरगी हातची गेली. आईला वाटायचं, सोसायटी म्हणजे भल्या माणसांची वस्ती, समोर एक काकू, वर एक काकू, मग घाबरायचं कशाला. आणि आम्हाला वाटायचं, भाडं भरलं की घर आपलं. सगळ्यांचंच चुकत होतं, आणि त्यातही आमचं जरा जास्तच.

तेव्हा पुण्यातून जो तो कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चालला होता. आमच्या फ्लॅटचा मालकही गेलेला. किल्ली आणि सगळे अधिकार त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरींकडे दिले होते. हे सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र लेंगा-सदरा, आवाज कधी चढणार नाही, पण एकेक शब्द असा ठेवून देतील की ऐकणाऱ्यानं जिन्यातच बसावं. आम्ही तिघी म्हणजे मी यवतमाळची, दुसरी लातूरची आणि तिसरी मिरजेची. एकमेकींना हाकही गावाच्या नावानंच मारायचो. मिरजेची दर शनिवारी घरी पळायची, त्यामुळे या गोष्टीत ती फारशी नाही.

मला सोडायला बाबा आले होते. ते एका शाळेत क्लार्क. मी पुण्याला इंजिनियरिंगला जाणार म्हटल्यावर काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. नागपूर आहे, अमरावती आहे, पुण्यालाच कशाला? पोरगी नाक कापेल, लिहून घे माझ्याकडून! बाबा एवढंच म्हणाले, "माह्या पोरीवर माहा भरवसा हाये." बस. माझं पुण्यात राहणं उभं होतं ते या एका वाक्यावर. भलतंसलतं काही कानावर आलं की सामान बांधायचं आणि घरी यायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. आणि घरी गेल्यावर काय, हेही ठरलेलं होतं. काकांच्या खिशात दिग्रसचं एक स्थळ कायम तयार असायचं.

तर बाबा परत निघाले तेव्हा त्यांनी पिशवीतून नव्या चपला काढून पायात घातल्या आणि जुन्या दारातच ठेवल्या. मी म्हटलं, "बाबा, चपला राहिल्या."

"राहिल्या नाही, ठेवल्या. बाप्याचं पायताण दारात दिसलं की येणारा-जाणारा दोनदा विचार करते."

आमच्याकडे हे घरोघरी ठाऊक असतं. घरातला पुरुष बाहेरगावी गेला तरी बाई त्याच्या जुन्या वहाणा उंबऱ्याबाहेरून हलवत नाही. लातूरची म्हणाली, आमच्याकडेही असंच करतात. मग आम्ही त्या चपला दाराच्या उजव्या बाजूला नीट लावून ठेवल्या आणि विसरूनही गेलो. दोन वर्षं त्या तिथं होत्या. अंगठ्याचा आणि टाचेचा खड्डा पडलेल्या, काळ्या पडलेल्या चपला.

तिसऱ्या वर्षी एक दिवस त्या चोरीला गेल्या. कोणाला त्या फाटक्या चपलांचा मोह पडला देव जाणे! आम्हाला हसू आलं. पण पंधरवड्याच्या आत संध्याकाळच्या वेळी बेल वाजायला लागली. दाराला डोळा लावावा तर बाहेर कोणी नाही. पुन्हा तासाभरानं बेल. एकदा मात्र बाहेर कोणीतरी होतं. दाराच्या भिंगातून फक्त खांदा आणि चेक्सच्या शर्टाची बाही दिसत होती. "कोण आहे?" मी ओरडले. खांदा हलला नाही. लातूरची माझ्यामागे लाटणं घेऊन उभी. समोरच्या काकूंचं दार बोटभर उघडलं, त्यांनी त्या माणसाला बघितलं, आणि दार लागलं. बाप्पा, त्यांच्या कडीचा तो आवाज! माणूस नंतर गेला. काकूंनी त्याबद्दल आम्हाला कधी एका शब्दानं विचारलं नाही. आईच्या सगळ्या भल्या माणसांची किंमत मला त्या संध्याकाळी कळली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी जुन्या बाजारात गेलो. नवे बूट घ्यायचे नाहीत असं लातूरचीचं म्हणणं, कारण नवे बूट खोटे दिसतात. शेवटी एक तपकिरी जोड मिळाला, लेसचा, टाचा झिजलेल्या, चांगला दांडगा. आकार राहावा म्हणून विकणाऱ्यानं चवड्यात कागद कोंबलेले. "एवढे मोठे कुणाला?" त्यानं विचारलं. "भावाला," लातूरची म्हणाली, आणि पुढे चार पावलांवर आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आता एकदा हात पोळलेले, त्यामुळे हे बूट चोरीला जाऊ द्यायचे नाहीत असं ठरलं. म्हणून सकाळी कॉलेजला निघताना आत घ्यायचे, संध्याकाळी आलो की बाहेर ठेवायचे. लातूरचीला तर त्यात कलाच सापडली. कधी एक बूट तिरका, कधी दोन्ही दाराकडे तोंड करून. पावसाळ्यात तळांना थोडा चिखलही लावायची. एकदा तिनं एका बुटात मोजा खोचून ठेवला, म्हणजे आत्ताच कोणी काढून आत गेलंय असं वाटावं. "बघ, कसा जिवंत दिसतोय!" म्हणाली. बेल वाजायची थांबली, आणि आम्ही स्वतःवर जाम खूश होतो.

शेवटच्या वर्षी मला एका सॉफ्टवेअर कंपनीनं कॉलेजमध्ये येऊन निवडलं. शेवटची सेमिस्टर पास व्हायची आणि रुजू व्हायचं. घरात पेढे वाटले गेले, काकांनीही एक घेतला. परीक्षा तोंडावर आली होती, प्रोजेक्टचा प्रोग्राम चालता चालता मध्येच मान टाकत होता, आणि अशात एका सकाळी सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं.

"काय, अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय काका."

"होतो का? नाही, आपल्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते, म्हणून विचारलं."

"कोण पाहुणे?"

"ते आपण सांगायचं. आम्ही जिन्यानं जाणारी-येणारी माणसं. दिसतं तेवढं बघतो."

मला वाटलं, प्रोजेक्टसाठी वर्गातली दोन मुलं एकदा पुस्तकं द्यायला आली होती, त्यावरून हे चाललंय. दारातूनच गेली होती ती बिचारी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आमच्याकडे कोण येतं नि कोण जातं त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"बरोबर आहे," ते म्हणाले, "काहीच करायचं नाही." आणि सावकाश खाली उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी आम्हा दोघींना घरी बोलावलं. खुर्च्या होत्या, पण बसा म्हणाले नाहीत. मालकाशी अमेरिकेत बोलणं झालंय, या महिनाअखेर जागा रिकामी करायची. पुढच्या महिन्यात आमची परीक्षा. मी कारण विचारलं.

"कारण आपल्या दारातच असतं. रोज संध्याकाळी येतं, सकाळी जातं."

दोन क्षण काही कळेचना. मग लातूरचीनं माझा दंड धरला, आणि मला उलगडलं. जे आम्ही चोरापासून वाचवायला करत होतो, ते अख्खी बिल्डिंग रोज मोजत होती. संध्याकाळी बूट आले, सकाळी बूट गेले. आज चिखल आहे, म्हणजे पावसातून आला असणार. आज मोजा राहिला, म्हणजे घाई होती. आमच्या लबाडीत आम्हीच इतका जीव ओतला होता की तिला खरंच पाय फुटले होते.

"काका, ते बूट कोणाचेच नाहीत," मी म्हटलं. "आम्हीच ठेवतो. भीती वाटते म्हणून."

"कोणाचेच नाहीत. वा! बिनपायाचे बूट. आपले आपण तीन मजले चढून येतात."

"खरंच सांगतेय! जुन्या बाजारातून आणलेत!"

"असेल. आम्ही काही आत डोकवायला आलो नाही. कुटुंबवत्सल लोक राहतात इथं, एवढंच आमचं म्हणणं." मग चष्मा पुसत, अगदी सहज, "तुमच्या वडिलांच्या शाळेत मी काल फोन केला. पालकांना अंधारात ठेवणं बरं नाही."

मी धावत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, घरी फोन लावला. आईनं उचलला. नेहमी ती जेवलीस का म्हणून सुरुवात करते. आज नुसती म्हणाली, "तुहे बाबा पहाटेच्या गाडीनं निघाले." मी म्हटलं, "आई, ऐक तरी." ती म्हणाली, "त्याहिलेच सांग काय ते," आणि फोन ठेवला.

म्हणजे संध्याकाळी ते दारात असणार. लातूरची म्हणाली, बूट फेकून देऊ, आत्ताच्या आत्ता, नाल्यात. मी म्हटलं, आणि मग? काल होते, बाप आला आणि आज गेले? ती म्हणाली, निदान आत तरी ठेव. मला इतका संताप आला होता, तिचा नाही, सगळ्यांचाच. काकूंच्या त्या कडीचा, सेक्रेटरींच्या चष्म्याचा. मी बूट उचलले आणि रोजच्या जागी, दाराच्या उजव्या बाजूला नेऊन आपटले. लपवायचं काय? आम्ही केलंय काय? असं मोठ्यानं म्हटलं खरं. पण नोकरी जाण्यापेक्षाही वेगळीच भीती होती. बाबा काय बोलतील याची नाही, ते काहीच बोलले नाहीत तर काय करायचं, याची.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावर थांबली. बेल काही वाजेना. मी दार उघडलं तर बाबा खाली बघत उभे. हातात फक्त रेक्झिनची पिशवी. पहिल्या दोन वर्षांत यायचे तेव्हा आईनं दिलेलं काहीतरी असायचं, ठेचा, शेवया, चिवडा. या वेळी काहीच नव्हतं.

"माह्या चपला कुठी गेल्या?" त्यांनी विचारलं.

"चोरीला गेल्या, बाबा."

"अन् हे?"

"हे आम्हीच ठेवलेत. बेल वाजवायचं कोणी संध्याकाळी. तुमच्या चपला गेल्यावर पुन्हा काहीतरी पाहिजे होतं."

ते आत आले. स्वयंपाकघरात गेले, तिथलं दार उघडून गॅलरीत डोकावले. दुसऱ्या खोलीच्या दारात खाकरले, लातूरची बाहेर आल्यावर आत नजर फिरवली. मग बाथरूमचं दार ढकललं. आत आमचे वाळत घातलेले कपडे होते. त्यांनी ते बघितलं, मान वळवली आणि दार पुन्हा लावलं.

माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं. "पलंगाखाली राहिलं की बाबा! तेही बघून घ्या!"

मला वाटलं होतं, ते थांबतील. ते थांबले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून माझा बाप खाली वाकला आणि त्यानं माझ्या पलंगाखाली बघितलं. तिथं माझी ट्रंक होती, त्यांनीच यवतमाळहून डोक्यावर वाहून आणलेली. उठताना त्यांना पलंगाचा कठडा धरावा लागला. आयुष्यात मला कोणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

"पाणी दे," ते म्हणाले. मी हलले नाही. लातूरचीनं आणून दिलं.

पाणी पिऊन ते बाहेर गेले, बूट उचलून आत आणले आणि मांडीवर घेऊन बसले. उलटेपालटे केले. मोजा ओढून काढला, तो पापडासारखा कडक झाला होता. मग बुटात हात घातला, पार पुढपर्यंत, आणि चवड्यातून कागदाचा बोळा बाहेर काढला. पिवळा पडलेला, दाबून दाबून बुटाच्या टोकाचा आकार घेतलेला. दुसऱ्यातूनही तसाच निघाला. विकणाऱ्यानं कोंबलेले कागद आम्ही कधी काढलेच नव्हते. कशाला काढणार? घालायचे कोणाला होते?

बाबा ते दोन बोळे हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. हे कागद असताना आत पाय शिरूच शकत नव्हता. मलाही ते तेव्हाच कळलं, आणि छातीतलं ओझं एकदम उतरलं. पुरावा होता! आमच्याकडे धडधडीत पुरावा होता!

"चला बाबा," मी म्हटलं, "दाखवू त्या सेक्रेटरीला. तोंडावर मारू त्यांच्या!"

बाबांनी दोन्ही बोळे चुरगाळले, गॅलरीतून खाली भिरकावून दिले, आणि ते बूट पायात घालायला लागले.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?" मी किंचाळलेच. इतक्या वर्षांनी तोंडातून घरची भाषा निघाली.

"त्याले कायले पुरावा द्याचा?" लेस ओढत ते म्हणाले. मान वर केली नाही. "म्या मागतला तेवढाच लई झाला."

मी तिथंच मटकन खाली बसले आणि रडायला लागले. ते माझ्याजवळ आले नाहीत. बहुतेक त्यांना येववलं नाही.

मग आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. बाबा पुढे, मी मागे. बूट त्यांना चांगले दोन मापं मोठे. पाऊल उचललं की टाच आत सटकायची, जिनाभर ठपाक ठपाक. समोरच्या काकूंचं दार बोटभर उघडलं. बाबांनी तिकडे बघून नमस्कार केला. दार लागलं.

सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा बाबांनी हात जोडले. "साहेब, मी हिचा बाप. दारातले बूट माझे आहेत. मीच ठेवायला सांगितले होते."

सेक्रेटरींनी खाली बघितलं. लेस करकचून आवळलेली, तरी मागे बोटभर जागा. त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. "जरा मोठे होतात आपल्याला," ते म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले. "वाढत्या अंगाचे घेतलेत."

दाढीचे खुंट पांढरे झालेला माणूस हे म्हणत होता, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत राहू द्या मुलींना. मी कळवतो मालकांना. पण दारात ते नको."

"हे बूट मी घेऊन जातो," बाबा म्हणाले. "दारात माझ्या चपला राहतील. रोज, चोवीस तास. कोणाला काही विचारायचं असंल तर मले विचारा, तिले नाही."

वर येऊन त्यांनी पिशवी उचलली. जेवून जा म्हटलं तर रात्रीची गाडी चुकेल म्हणाले. येताना पायात असलेल्या चपला दाराच्या उजव्या बाजूला ठेवल्या होत्या, त्या वाकून जरा सरळ केल्या. मी म्हटलं, "बाबा, त्या बुटांनी पाय सोलून निघतील. यवतमाळपर्यंत कसे जाल?"

"जातो." दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. माझ्याकडे पाठच होती. "चपला आता आत घेत जाऊ नको, बाई. चोरीले गेल्या तर जाऊ दे. मी दुसऱ्या पाठवीन."

मी पास झाले, नोकरीला लागले, फ्लॅट सोडला. पलंगाखाली बघितल्याचं मी बाबांना कधी विसरू दिलं नसतं, पण ते बूट पायात घालून गेले ना, तिथं माझी बोलती बंद होते. दोन्ही त्यांनीच केलं, एकाच संध्याकाळी. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आईनं मात्र नंतर फोनवर सांगितलं, घरी आले तेव्हा दोन्ही टाचांना रक्त होतं. तिनं विचारलं, हे कोणाचे बूट घालून आलात?

"माहेच आहेत," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.